पावसाळाभर उभ्या गाडीची बॅटरी: नवी घेण्याआधी मोजायचं काय, घेतल्यावर जपायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा: घर पुण्यात कोथरूडला. एक ११० सीसीची बीएस-६ स्कूटर आणि एक जुनी, कार्ब्युरेटरची ३५०ची बुलेट. जून ते सप्टेंबर दोन्ही गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकलेल्या. वॉचमन रोज पाच मिनिटं दोन्ही चालू करून ठेवतो, तरी दसऱ्याला सेल्फ मारला की नुसतं कट-कट. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या. दुकानदार म्हणतो स्कूटरला चार एएचऐवजी पाच एएचची (एएच म्हणजे साठवणीचं माप) टाका, मित्र म्हणतो लिथियम घे. घ्यायची कोणती आणि घरी चार्ज कशी करायची?

सुरुवात वॉचमनपासून करू. त्याला उद्यापासून ती पाच मिनिटं बंद करायला सांगा.

हिशेब करून बघा. स्कूटरचा सेल्फ दोन सेकंद फिरला आणि त्याने ५० अँपिअर ओढले असं धरा. ५० गुणिले २ म्हणजे १०० अँपिअर-सेकंद, भागिले ३६००, म्हणजे साधारण ०.०३ अँपिअर-अवर. लेबलवर हेच एकक 'एएच' असं छापलेलं असतं. हे काही फार नाही. पण परत मिळतं किती? १ एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, मॅग्नेटो (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग) जेमतेम वीज देतो. त्यातून हेडलाइट, इंजेक्टर आणि पेट्रोल पंप यांचा वाटा गेला की बॅटरीच्या टर्मिनलवर १३ व्होल्टच्या आसपासच दाब उरतो. एवढ्या दाबाला पाच मिनिटांत अर्ध्या अँपिअरने चार्जिंग झालं तरी ०.०४ एएच. म्हणजे जेवढं काढलं तेवढंच भरलं. बॅटरी दिवसेंदिवस जिथल्या तिथे, आणि रात्रभराची गळती वेगळीच. शिवाय थंड सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो. गाडी चालवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत जाऊन या. सलग तीस-चाळीस मिनिटं, सिग्नलला न अडकता. ते जमत नसेल तर गाडी अजिबात चालू न करता बॅटरी काढून घरात ठेवलेली बरी.

बॅटरी मरते कशाने हे कळलं की बाकीचं सोपं जातं. शिशाच्या बॅटरीतून वीज निघते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळून परत जातं. बॅटरी अर्धवट अवस्थेत आठवडे-महिने पडून राहिली तर त्याच सल्फेटचे खडे मोठे आणि टणक होतात आणि मग नेहमीच्या चार्जिंगला दाद देत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा बाद. म्हणून वापराने जितक्या बॅटऱ्या जातात त्याहून जास्त उभं राहण्याने जातात. गुलमर्ग आणि सोलंगच्या बर्फावर धावणाऱ्या स्नो-स्कूटर उन्हाळाभर शेडमध्ये असतात, त्यांच्या बॅटरीचंही दुखणं हेच. त्यांचा उन्हाळा तो आपला पावसाळा. फरक इतकाच की आपल्याकडे उकाडा जास्त, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की बॅटरीची आपोआप उतरण्याची गती साधारण दुप्पट होते.

आता दुकानात जाण्याआधी तीनशे-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घ्या. त्याने चार गोष्टी मोजायच्या.

पहिली गोष्ट, स्वस्थ बसलेल्या बॅटरीचा व्होल्टेज. गाडी बंद करून किंवा चार्जर काढून किमान तीन-चार तास झालेले हवेत, रात्रभर झाली तर उत्तम. चार्जिंगनंतर लगेच मोजलं तर मीटर १३च्या वर दाखवतो आणि माणूस फसतो. सीलबंद बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.८ किंवा थोडं वर, पाणी घालायची असेल तर १२.६ ते १२.७. १२.४ म्हणजे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव, ११.८ला संपली. यातला १२.४ हा आकडा पाठ करा, कारण त्याखाली गेली की सल्फेटचं घड्याळ सुरू होतं. आणि रात्रभर चार्ज करूनही बॅटरी १०.५च्या आसपासच बसत असेल, तर आतल्या सहा सेलपैकी म्हणजे कप्प्यांपैकी एक शॉर्ट आहे. प्रत्येक सेलचे २.१ व्होल्ट, एक गेला की पाच उरले. अशा बॅटरीवर चार्जिंगचे पैसे घालवू नका.

दुसरी, सेल्फ मारतानाचा व्होल्टेज. मीटरचे प्रोब टर्मिनलवर धरून दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. आकडा १०च्या वर राहिला तर बॅटरीत जीव आहे. ९.६च्या खाली घसरला तर आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा, आणि पूर्ण चार्ज असूनही ७-८वर कोसळत असेल तर ती गेली. इथे एक गंमत होते. टर्मिनलवर ११ व्होल्ट टिकून आहेत आणि सेल्फ तरी ढिम्म, असं असेल तर दोष बॅटरीचा नाहीच. बॅटरीचा मायनस आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये प्रोब धरून सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची वायर किंवा तिचा बोल्ट गंजलाय. पावसाळ्यानंतर हे फार दिसतं आणि यापायी चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात. अर्थ स्वच्छ असूनही फक्त एक 'टक' आवाज येत असेल तर सेल्फचा रिले तपासायला सांगा.

तिसरी, गाडीचं स्वतःचं चार्जिंग. इंजिन चालू, रेस साधारण ४,०००-५,०००वर, टर्मिनलवर १३.८ ते १४.८च्या दरम्यान यायला हवं. १३च्या वर चढतच नसेल तर मॅग्नेटोची कॉइल, तिचा कपलर (वायरींचा जोड) किंवा रेक्टिफायर (मॅग्नेटोची वीज बॅटरीजोगी करणारा भाग) बघावा लागेल. कपलर उघडून पाहिला तर पिन तपकिरी पडलेली किंवा प्लास्टिक वितळलेलं बहुतेक वेळा डोळ्यांनीच दिसतं. १५च्या वर जात असेल तर रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, गेला. अशा गाडीत नवी सीलबंद बॅटरी घातली तर ती काही महिन्यांत फुगणार, आणि वॉरंटीत बदलून मिळालेली दुसरीही फुगणार. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या हा तुमचा हिशेब बघता ही तपासणी दोन्ही गाड्यांवर करायलाच हवी.

एक इशारा. काही जुने मेकॅनिक गाडी चालू ठेवून बॅटरीची मायनस वायर काढतात आणि 'बघा, बंद पडली नाही, चार्जिंग ओके' म्हणतात. जुन्या पॉइंटच्या गाड्यांवर ते खपून जायचं. इंजेक्शनच्या गाडीवर बॅटरीचा आधार काढला की व्होल्टेज उसळतो आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) जाऊ शकतो. स्कूटरवर हे कोणाला करू देऊ नका.

चौथी गोष्ट बहुतेक जण मोजतच नाहीत: गाडी बंद असताना होणारी गळती. चावी बंद करा, मायनसची वायर काढा, मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून एक प्रोब त्या वायरला आणि दुसरा मायनस टर्मिनलला जोडा. आकडा नगण्य असेल तरच मिलिअँपिअरवर या. मीटर असा मध्ये असताना चावी फिरवू नका आणि सेल्फला हात लावू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा. एक-दोन मिलिअँपिअर ठीक. त्यापुढे शोधावं लागेल. १ मिलिअँपिअर म्हणजे महिन्याला ०.७२ एएच. ५ असेल तर ३.६ एएच, म्हणजे तुमच्या स्कूटरची ४ एएचची बॅटरी महिन्याभरात जवळजवळ रिकामी. बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर, सायरनवाला अलार्म आणि थेट बॅटरीवरून ओढलेला मोबाइल चार्जर हे नेहमीचे संशयित. एकेक फ्यूज काढत गेलात की आकडा कोणत्या फ्यूजला पडतो ते दिसतं. ट्रॅकर ठेवायचाच असेल तर चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत बॅटरी जोडून ठेवण्याचा विचार सोडा.

हे सगळं मोजून बॅटरी खरंच गेली असेल तरच खरेदीकडे वळा.

निवडताना पहिला आधार गाडीच्या पुस्तिकेचा. तिच्यात व्होल्ट आणि एएच दिलेले असतात. दुसरा आधार म्हणजे जुन्या बॅटरीच्या पोटावरचा कोड. वायटीझेड, वायटीएक्स किंवा त्यावरून बेतलेल्या देशी कंपन्यांच्या कोडांमध्ये शेवटचा 'एल' महत्त्वाचा. 'एल' असलेल्या आणि नसलेल्या बॅटरीत प्लस-मायनसच्या बाजू उलट असतात. आकार सारखाच दिसतो, बॅटरी खोक्यात बसतेही, मग वायर पुरत नाही म्हणून कोणीतरी ती ताणून उलटी जोडतो आणि मेन फ्यूज किंवा रेक्टिफायर उडतो. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारात गर्दीच्या वेळी घाईत घेतलेल्या बॅटरीची ही ठरलेली चूक. जुनी बॅटरी सोबत न्या आणि काउंटरवरच दोन्ही शेजारी ठेवून टर्मिनल जुळवा.

चारऐवजी पाचची घालू का? खोक्यात नीट बसत असेल तर घाला, बिघडत काही नाही. 'मोठी बॅटरी मॅग्नेटोवर लोड टाकते' हा समज चुकीचा आहे. जेवढं काढलं तेवढंच ती परत मागते, फक्त टाकी थोडी मोठी. पण बसत नाही म्हणून रबराची गादी काढून टाकायची आणि बॅटरी कशीबशी कोंबायची, हे करू नका. पुण्यातल्या खड्ड्यांत प्लेटांचा आधार ती गादीच असते. आणि मोठी बॅटरी हा तुमच्या दुखण्यावरचा इलाज नव्हे. ५ मिलिअँपिअरची गळती पाचच्या बॅटरीलाही सहा आठवड्यांत संपवेल. उलटं मात्र कधी करू नका: पाचच्या जागी अडीच-तीनची स्वस्त म्हणून घालणं. सेल्फला लागणारा झटका ती देऊ शकत नाही आणि लवकर बसते.

प्रकारांचं सांगायचं तर स्कूटरला सीलबंद व्हीआरएलएच. तिच्यात ॲसिड काचेच्या जाळीत शोषलेलं असतं, पाणी घालावं लागत नाही आणि सांडत नाही. बुलेटला १४ एएचची पाणी घालायची बॅटरी येते आणि तिच्यात वाईट काहीच नाही. उलट उन्हाळ्यात थोडं जास्त चार्जिंग झालं तर ती पाणी खर्च करून तग धरते, सीलबंद बॅटरीचं गेलेलं पाणी परत घालता येत नाही. फक्त तिच्याकडे लक्ष द्यावं लागतं. ते होणार नसेल आणि गाडीचं चार्जिंग १४.५च्या आत असेल, तर बुलेटलाही त्याच मापाची सीलबंद बसवा.

दुकानात कोडखाली छापलेली किंवा ठोकलेली तारीख बघा. कारखान्यातूनच भरून आलेली सीलबंद बॅटरी असेल तर काउंटरवरच मीटर लावा. तुमचा मीटर घेऊन गेलात तर दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या. १२.६च्या वर हवी, १२.४च्या खाली असेल तर दुसरी काढायला सांगा, ती शेल्फवरच अर्धी म्हातारी झालेली आहे. वॉरंटी कार्डावर खरेदीची तारीख, बॅटरीचा अनुक्रमांक आणि शिक्का असल्याशिवाय निघू नका. पूर्ण बदलीचे महिने किती आणि त्यानंतर प्रो-रेटा म्हणजे वापरलेल्या काळाचे पैसे कापून किती, हे तिथेच विचारून घ्या. '४८ महिने वॉरंटी' यातले सगळे ४८ सारखे नसतात.

बुलेटची नवी बॅटरी कोरडी आणि ॲसिड वेगळं अशी मिळाली, तर पुढचे काही तास बॅटरीचं आयुष्य ठरवतात. घाईत भरली आणि लगेच बसवली तर ती जन्मभर आपल्या कुवतीच्या साधारण ८० टक्क्यांवरच राहते. आधी बाजूच्या व्हेंटच्या नळीवरचं लाल टोपण काढा. ते राहून गेलं तर गॅसला वाट नाही आणि डबा फुगतो. सहाही झाकणं उघडून ॲसिड वरच्या आणि खालच्या रेघेच्या मध्ये भरा. अर्धा ते एक तास स्थिर ठेवा. प्लेटा ॲसिड शोषतात, पातळी उतरते, मग पुन्हा वरच्या रेघेपर्यंत ॲसिडच भरा. ॲसिड घालण्याची ही शेवटची वेळ. यापुढे आयुष्यभर फक्त पाणी. नंतर १.४ अँपिअरने किमान पाच तास चार्ज करा, जास्त झालं तर उत्तम. दुकानदार 'आता लावा, चालवता चालवता होईल चार्ज' म्हणेल. त्याला दुसऱ्या दिवशी येतो म्हणा.

सीलबंद बॅटरीसोबत सहा नळकांड्यांची ॲसिडची पट्टी आली तर तिच्या तोंडावरची चांदी म्हणजे फॉइल फाडू नका. पट्टी उलटी करून बॅटरीच्या सहा छिद्रांवर एकदम दाबायची, चांदी आपोआप फुटते. सगळ्या नळकांड्यांतून बुडबुडे येतायत ना बघा, एखादं अडलं तर त्याच्या बुडावर दोन-तीन टिचक्या मारा. २० मिनिटं तशीच ठेवा. पूर्ण रिकामी झाल्यावरच काढा, अर्धा तास बॅटरी उघडी राहू द्या, मग झाकणाची पट्टी हाताने सारखी दाबून बसवा. ती पुन्हा उघडायची नाही.

आता चार्जिंग. नियम जुना आणि साधा आहे: एएचच्या एक दशांश अँपिअर. ४ एएचला ०.४, १४ एएचला १.४. बाजारात मिळणारे दुचाकीचे छोटे स्मार्ट चार्जर बहुधा ०.८ ते १ अँपिअरचे असतात. तेही ४ एएचच्या सीलबंद बॅटरीला चालतात, कारण व्होल्टेज १४.४च्या आसपास पोचला की ते करंट आपोआप कमी करतात आणि शेवटी १३.५ ते १३.८वर नुसती राखण करतात. चार्जर घेताना एवढंच बघा: १४.४ला थांबतो का, आणि नंतर खाली येतो का. मोटारीचा पाच-दहा अँपिअरचा चार्जर स्कूटरच्या बॅटरीला लावू नका. 'तासाभरात चार्ज करून देतो' म्हणणाऱ्या दुकानातही तेच होतं, चारच्या बॅटरीत तीन-चार अँपिअर कोंबले जातात. बॅटरी वरवर भरते, आतून तापते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते.

वेळेचा अंदाज असा. ४ एएचची बॅटरी १२.२वर म्हणजे निम्मी आहे. भरायचे २ एएच, त्यात वीस टक्के वाया जाणार म्हणून २.४. ०.४ने भागलं की ६ तास. शेवटचा टप्पा रेंगाळतो म्हणून त्यात दोन-तीन तास धरा. रात्री लावली की सकाळी तयार.

घरातले जुगाड बरेच आहेत, त्यातले दोन धोक्याचे. एक, घरच्या इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या बॅटरीला समांतर जोडून गाडीची बॅटरी 'भरून घेणं'. तो इन्व्हर्टर दहा-पंधरा अँपिअरने चार्ज करतो आणि मोठी बॅटरी छोटीत हवा तेवढा करंट ढकलू शकते, वायर वितळेपर्यंत. दुसरा, राउटर किंवा कॅमेऱ्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर. १२.७ व्होल्टच्या बॅटरीला १२ व्होल्ट काय भरणार? काही तासांनी दिवा लागलेला दिसतो आणि लोकांना वाटतं चार्ज होतेय.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. १४.४ हा आकडा साधारण २५ अंशांचा आहे. पार्किंगमध्ये ४० अंश असतील तर १२ व्होल्टच्या बॅटरीला प्रत्येक अंशामागे सुमारे ०.०२ व्होल्ट कमी लागतात, म्हणजे १४.१ पुरे. चार्जरमध्ये तापमान ओळखायची सोय नसेल तर एप्रिल-मे महिन्यांत रात्रीच चार्ज करा. चार्जिंगला डबा कोमट होणं ठीक, हात टिकत नसेल तर लगेच बंद.

चार्जिंगच्या शेवटी बॅटरी हायड्रोजन सोडते आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीला पेट घेतो. म्हणून गॅलरीत लावा. स्वयंपाकघरात नको आणि देवघराशेजारी समई तेवत असताना तर नकोच. आधी चिमटे टर्मिनलला, मग भिंतीवरचं बटण चालू. काढताना आधी बटण बंद, मग चिमटे. पाणी घालायच्या बॅटरीची झाकणं चार्जिंगच्या वेळी सैल ठेवा. ॲसिड डोळ्यांत उडालं तर पंधरा मिनिटं नळाखाली डोळा उघडा धरून धुवा आणि मग डॉक्टरकडे जा. अंगावर किंवा फरशीवर सांडलं तर भरपूर पाणी ओता, फरशीवर खाण्याचा सोडा टाका, फेस थांबला की पुसा.

खूप उतरलेली, समजा ८ व्होल्टवर आलेली बॅटरी अनेक स्मार्ट चार्जर ओळखतच नाहीत, लाल दिवा लावून गप्प बसतात. व्होल्ट आणि अँपिअर ठरवून देता येणाऱ्या साध्या वीजपुरवठ्यावर ०.२ अँपिअरने चोवीस तास लावून बघता येतं. फार दिवस झाले नसतील तर थोडीफार परत येते. बारा तासांनंतरही १२च्या वर चढत नसेल तर नाद सोडा. सल्फेट काढणाऱ्या पावडरी आणि मिठांवर पैसे घालवू नका.

गाडीवरून बॅटरी काढताना आधी मायनस, मग प्लस. लावताना उलट. कारण साधं आहे: प्लस सोडवताना पाना चौकटीला टेकला आणि मायनस जोडलेला असला तर थेट शॉर्ट. दहाचा पाना आणि चौफुली स्क्रू ड्रायव्हर पुरतो. टर्मिनलमधला चौकोनी नट आत घसरतो आणि बोल्ट सापडेनासा होतो. त्याखाली फोमचा किंवा रबरी नळीचा छोटा तुकडा सरकवा, नट वर राहतो. टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा जमला असेल तर कोमट पाण्यात सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, बोल्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग जोडणी, हा क्रम चुकीचा. बुलेटच्या व्हेंटची रबरी नळी चेनपासून दूर, खाली मोकळी सोडलेली आहे ना ते बघा. ती दबली किंवा निसटली की ॲसिडचे थेंब स्विंग-आर्मवर पडून रंग सोलतात.

पाण्याची पातळी मार्च ते मे दर महिन्याला, एरवी दोन महिन्यांनी बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर. खडकवासल्याचं पाणी प्यायला कितीही गोड असो, त्यातले क्षार प्लेटांना नको आहेत. आरओचंही नको आणि एसीच्या नळीतून ठिबकणारंही नको, त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू येतात. चार्ज करण्याआधी प्लेटा बुडतील इतकंच घाला, वरच्या रेघेपर्यंत चार्ज झाल्यावर. नाहीतर चार्जिंगमध्ये पातळी वाढून ॲसिड बाहेर येतं. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) असेल तर सहाही सेल मोजा. नेमका आकडा कंपनीच्या लेबलवरून ताडा, पण एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५ने मागे असेल तर तो पुढच्या काही महिन्यांत दगा देईल.

तुमच्या चार महिन्यांसाठी क्रम असा ठेवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बॅटऱ्या काढा, पुसा, पूर्ण चार्ज करा, घरात सावलीत ठेवा. फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते हा समज लाकडी आणि रबरी डब्यांच्या जमान्यातला. आताच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशी काही करत नाही, पण फरशीला ॲसिड करतं, म्हणून खाली पाट ठेवा. सीलबंद बॅटरी सहा आठवड्यांनी मोजा, बुलेटची महिन्याला. १२.५ला आली की रात्रभर चार्जर. बहुतेक वेळा पावसाळ्यात एक-दोनदाच लावावा लागतो. स्कूटरची बॅटरी काढल्याने घड्याळ आणि ट्रिपमीटर शून्यावर जाईल, इतकंच.

लिथियमबद्दल. वजनाने निम्म्याहून हलकी आणि उभी राहिली तर फार हळू उतरते, हे खरं. पण डब्यावरचा '१४ एएच समतुल्य' हा आकडा झटक्याच्या ताकदीचा असतो. खरी साठवण पुष्कळ कमी, म्हणून ट्रॅकरची गळती तिला शिशाच्या बॅटरीपेक्षा लवकर संपवते. सल्फेट काढणारे जादा व्होल्टेजचे टप्पे असलेला चार्जर तिला चालत नाही, आणि बुलेटचा जुना रेग्युलेटर १५च्या पुढे गेला की आतलं संरक्षण सर्किट बॅटरीची जोडणीच तोडून टाकतं. शून्याखाली तिला चार्ज करणं तर सक्त मना. तुमच्या वापराला ती नको.

पुढेमागे बुलेट लडाखला न्यायची असेल तर एवढं ध्यानात ठेवा. शिशाची बॅटरी शून्य अंशाला सुमारे पाचवा हिस्सा ताकद गमावते, उणे १८ला निम्मी. पूर्ण भरलेलीचं ॲसिड उणे ५०च्या पलीकडे गोठतं, पण उतरलेलीत पाणीच जास्त असल्याने ते उणे १०च्या आसपासच गोठतं आणि डबा तडकतो. मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूसारख्या मुक्कामी संध्याकाळी बॅटरी भरलेली असणं म्हणून महत्त्वाचं. उंचीचा तिच्यावर परिणाम नाही, थंडीचा आहे.

जुन्या दोन बॅटऱ्या घरात पडल्या असतील तर नवी घेताना त्याच दुकानात द्या, बिलातून वजनाप्रमाणे पैसे वजा होतात. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी त्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. दारावरच्या भंगारवाल्याला दिल्या तर ॲसिड बहुधा गटारात जातं. नेताना उभ्याच न्या, टर्मिनलवर चिकटपट्टी लावा आणि खाली पुठ्ठा घाला. पाणी घालायची बॅटरी स्कूटरच्या डिकीत आडवी पडली तर तिथली कागदपत्रं, रेनकोट आणि वायरिंग तिघंही जातात.